मंगलाबाईंच्या वाट्याचा पॅराग्वे

दक्षिण अमेरिकेच्या नकाशातली एक मोठी चूक १९७४ साली सुरतेत दुरुस्त करण्यात आली. त्या खंडाला हे अजून कोणी कळवलेलं नाही, म्हणून शेवटी मलाच लिहायला बसावं लागलं.

दुरुस्ती ओल्या फडक्याने झाली. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर जगाचा मेणकापडी नकाशा होता आणि त्यात पॅराग्वे या देशाच्या जागी चहाचा डाग होता. डाग इतका नेमका बसला होता की आमचे अध्यक्ष भाऊराव "तपकिरी रंग म्हणजे पठारी प्रदेश" असं सांगून काठी पुढे सरकवत.

वाचनालय लिंबायतला, रुळांच्या अंगाला. पत्र्याची खोली, एक कपाट, चार बाकडी, एक खिडकी. सभासद बावीस. निम्मे खानदेशातून लूमवर आलेले, निम्मे रेल्वेतले नि गिरणीतले बौद्ध. भाऊराव रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आवाज मात्र अजून इंजिनाशेजारी उभं असल्यासारखा. मी चिटणीस. सभेत जो जे बोलेल ते वहीत उतरवायचं, एवढंच माझं काम. पण ही वही लक्षात ठेवा.

दर जानेवारीत सुताच्या कांड्यांच्या रिकाम्या पेटीत देशांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येकाने एक काढायची, ही आमच्याकडची रीत. जो देश निघेल त्यावर एका रविवारी भाषण द्यायचं, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि वर्षभर त्या देशाची बातमी ठेवायची. जग जड आहे, एकट्याने उचलायला जाऊ नये, असा भाऊरावांचा त्यामागे फिटरचा विचार.

हेतू ज्ञानाचा होता. पण वर्षभर एखाद्या देशाची बातमी ठेवली की तो देश हळूहळू आपल्या नावावर होतो. आदल्या वर्षी श्रीपतकडे चिली होता. सप्टेंबरात तिथे लष्कराने सरकार उलथवलं, तेव्हा श्रीपत दोन दिवस कामावर गेला नाही. आम्ही सगळे त्याला भेटून आलो. त्याच्या बायकोने बिनसाखरेचा चहा दिला. भाईदासकडे कुवेत होता. रॉकेलची रांग वाढत गेली तसे रेशनच्या दुकानात लोक भाईदासशी बोलेनासे झाले. "तुला काय बाबा, तुझ्या घरची विहीर," असं एका बाईने त्याला तोंडावर सुनावलं, आणि भाईदास रिकामा डबा हातात धरून तासभर कुवेतची बाजू मांडत राहिला.

धुडकूला तीन वर्षांपूर्वी स्वित्झर्लंड निघाला होता. तो त्याने पेटीत परत टाकलाच नाही. धुडकू एका लूमच्या कारखान्यात मुकादम. मनगटावर घड्याळ, ते स्वित्झर्लंडचं नव्हतं, पण वेळ विचारली की तो त्या देशाच्या वतीने सांगे. सभेत शुद्ध मराठीच बोललं पाहिजे हा नियम त्यानेच करून घेतलेला. 'अर्थातच' आणि 'तद्वतच' एकाच वाक्यात घालणारा मी पाहिलेला तो एकमेव खानदेशी. घरची अहिराणी सभेत त्याच्या तोंडून एकदाच बाहेर पडे, दर रविवारी, खिडकीकडे वळून: "खिडकीमाईन सरका वो, वारा अडी राहिना!"

वारा अडे, कारण खिडकीत बाया असत. बायांना वाचनालयात बंदी नव्हती. बंदी घालायची वेळच कोणी आणली नव्हती. त्यांतल्या मुख्य मंगलाबाई. आमचा एक सभासद लोटू, त्याची ही बायको. आठवडाभर कांड्या भरायच्या आणि रविवारी निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन खिडकीखालच्या दगडावर बसायचं, असा त्यांचा तीन-चार वर्षांचा क्रम. आत सभासद डुलक्या घेत आणि बाहेर मंगलाबाई भाषण ऐकत. तांदळातला खडा आणि भाषणातली थाप त्यांच्या बोटाला सारखीच लागे.

त्या जानेवारीत धुडकू स्वित्झर्लंडवर चौथ्यांदा बोलत होता. "या देशास समुद्रकिनारा नाही," तो म्हणाला, "तद्वतच..."

खिडकीतून आवाज आला. "तीन साल पहिले तुम्हीच सांगेल व्हतं ना भाऊ, तठला लोके समुद्रवर हवा खावाले जातस!"

भाऊरावांनी मला वही काढायला लावली. होतं. तारखेसह होतं.

"ते सरोवर होतं," धुडकू म्हणाला.

"मंग सरोवर म्हना. आम्ही काय नही म्हनतस का?"

सभा हसली. धुडकूला घाम आला, आणि तो हात झाडून ओरडला, "एवढं कळतं तर आत या नि काढा चिठ्ठी!"

मी ते लिहून घेतलं. मंगलाबाईंनी सूप शेजारी बसलेल्या सरलाबाईच्या मांडीवर दिलं, पदर खोचला, आत आल्या आणि पेटीत हात घातला. पॅराग्वे निघाला.

"कोठे शे हाऊ?" त्यांनी विचारलं. भाऊरावांनी काठीने डाग दाखवला. मंगलाबाईंनी जवळ जाऊन तो हुंगून पाहिला, माठाजवळचं फडकं भिजवलं आणि पठारी प्रदेश पुसून टाकला. खालून फिकट जांभळा, चहूकडून जमिनीने वेढलेला एक देश निघाला. भाऊराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता धुडकूला मागे फिरता येईना. त्याने ठराव मांडला. बाईचं भाषण जमलं, तर बायांना सभासद करून आत बसवायचं. नाही जमलं, तर त्या खिडकीवर कायमचा पत्रा ठोकायचा. "आणि जमलंच," तो म्हणाला, "तर मी आत बसणार नाही, बाहेर बसेन!" मी तेही लिहून घेतलं. पुढच्या रविवारी त्याने खरोखरच एक पत्रा आणून आतून खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवला. खिळ्यांची पुडी वर.

"पत्रा लागना ते मंग तू ऐकशी कशी?" पत्रा ठोकला गेलाच तर, या काळजीने लोटूने बायकोला विचारलं.

"म्हणीसनच ते बोलनं शे ना," मंगलाबाई म्हणाल्या.

भाषण आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, रविवारी ठरलं. मंगलाबाईंना अक्षरं जोडून वाचता येई, पण पॅराग्वे त्या दिवसांत मराठीत मिळत नव्हता. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात एक जुना इंग्रजी ज्ञानकोश होता, तो घरी नेता येत नसे. तेव्हा दर शनिवारी मी सायकल हाणत जायचो, उतरवून आणायचो आणि त्यांना समजावून सांगायचो. त्यांचे प्रश्न मात्र ज्ञानकोशाच्या कुवतीबाहेरचे. नळाला पाणी किती वाजता येतं? भाकरी कशाची? सासू जवळ राहते का? आखाजीला झाडाला झोके बांधतात का? ज्ञानकोशात तह होते, जंगलं होती, निर्यात होती. नळ नव्हता.

चौथ्या खेपेला मला ऊन लागलं आणि मी घरीच उत्तरं तयार केली. "झोके? बांधतात तर! निंबाला बांधतात," मी सांगितलं. "भाकरी ज्वारीचीच. आणि सासू वेगळी राहते." मंगलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, खपलं.

भाषणाच्या आदल्या दिवशी ग्रंथपाल मला म्हणाले, "तुमचे ते घड्याळवाले गृहस्थ परवा येऊन हेच पान वाचून गेले हं. चांगले दोन तास बसले होते." निंबाचं झाड त्या पानावर नव्हतं, हे माझ्याइतकंच आता धुडकूला ठाऊक होतं.

रविवारी बावीसच्या बावीस सभासद जागे होते. खिडकीत बायांची इतकी दाटी की आत दिवसाढवळ्या अंधार. लोटूकडे वेळेची घंटी होती; वीस मिनिटांनी वाजवायची. मंगलाबाई एक कापडी पिशवी घेऊन नकाशाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माले जेवढं माहीत शे, तेवढंच सांगसू."

"हरकत!" धुडकू उठला. "अध्यक्षमहाराज, नियम क्रमांक सात. भाषण शुद्ध मराठीतच झालं पाहिजे. अर्थातच."

दारातून पत्र्यावर उन्हाची तिरीप पडली होती. लोटू घंटीकडे बघायला लागला.

"मना देशमा असंच बोलतस," मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या. 'मना देशमा', माझ्या देशात, म्हणजे पॅराग्वेत, हे आमच्या लक्षात यायला एक क्षण लागला. त्या देशात कचेरी आणि शाळा स्पॅनिश भाषेत चालते, असं त्यांनी समजावलं. पण घरात, बाजारात, भांडणात सगळे त्यांची जुनी गुआरानीच बोलतात. हमालही तीच आणि शेठही तीच. अशा देशाबद्दल पुस्तकी बोलले, तर तिथली माणसं म्हणतील, ही कोण परकी बाई आपल्या उखाळ्या काढते?

"अशाने देश चालतो कसा?" धुडकू म्हणाला. "सरकार एक बोलतं, घर दुसरंच!"

"मंग आठे कसा चालस, भाऊ? शेठसंगे गुजराती, पोलिससंगे हिंदी, आठे बठा का तद्वतच. आनी परवा पायवर कांड्यासनी पेटी पडनी, तव्हय कोनती निंघनी तोंडमाईन?"

ते शब्द सगळ्या कारखान्याने ऐकले होते. भाऊरावांनी टेबलावर हात आपटून शांतता केली आणि निर्णय दिला: स्वित्झर्लंडवर बोलताना शुद्ध, पॅराग्वेवर बोलताना घरची. भाऊराव स्वतः घरी वऱ्हाडी बोलत, हे मी वहीत लिहिलं नाही.

भाषण मी इथे तुमच्या सोयीच्या मराठीत देतो. मुळातलं मीठ जरा कमी होईल, चालवून घ्या.

"या देशाला समुद्र नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "सरोवरावर हवा खातात का ते माहीत नाही. मोठ्या दोन नद्या. एका नदीच्या उगवतीला लाल माती, दाट रान, कापूस. मावळतीला नुसते काटे आणि ऊन. तिकडे पोरगी कोण देत असेल, हे पुस्तकात नाही. तिथे एक झाड असं आहे की तोडायला गेलं तर कुऱ्हाडच मोडते. म्हणून त्याचं नावच कुऱ्हाडमोड्या. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या साहेबाने तीन शेजाऱ्यांशी एकदम भांडण काढलं. पाच-सहा वर्षं लढाई. शेवटी अशी गावं उरली की बाप्या माणूस औषधाला नाही. मग बायांनी नांगर धरले, बाजार भरवले, पोरं वाढवली. देश उठून बसला."

"मंग भांडणं बी कमी व्हयनी व्हतीन!" खिडकीतून सरलाबाई.

"पुस्तकमा तसं लिखेल नही," मंगलाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मग मंगलाबाई तिथल्या चहाकडे वळल्या. एका भांड्यात सुका पाला घालायचा, वरून गार पाणी ओतायचं, आत एक धातूची नळी. सगळे गोल करून बसतात, आणि तेच भांडं, तीच नळी हातोहात फिरते.

भाऊराव खुर्चीत पुढे सरकले. "सगळे?"

"सगळे."

"एकाच भांड्यातून? कोण कुठला ते न विचारता?"

"बसेल शे त्याले भेटस. इचारतस कसाले?"

"पुन्हा एकदा सांगा," भाऊराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इंजिनापासून लांब आला होता. मंगलाबाईंनी पुन्हा सांगितलं. "चिटणीस, हे जरा मोठ्या अक्षरात लिहा," ते मला म्हणाले. मी लिहिलं. वहीचं ते पान मी अजून जपून ठेवलंय.

वीस मिनिटं होऊन गेली होती. "वाजाडू का?" लोटूने हळूच विचारलं.

"तुम्ही उगामुगा बठा."

मग धरणाचं निघालं. वर्षापूर्वी पेपरात चार ओळी आल्या होत्या: पॅराग्वे आणि शेजारचा ब्राझील मिळून मोठ्या नदीवर भलं थोरलं धरण बांधणार, त्यात एक प्रचंड धबधबा बुडेल म्हणतात. मंगलाबाईंच्या मावशीचं गाव तापीवरच्या उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. "मावशीने घर सोडताना दाराची चौकट काढून गाडीत घातली," त्या म्हणाल्या. "सरकारने नवीन घर दिलं, पण त्याचं दार अरुंद. चौकट दोन वर्षं भिंतीला टेकून उभी आहे. मावशी रोज तिला तेलाचं बोट लावते. त्या देशात कोणाची ओळख असेल तर कळवा: धबधब्याचं काय ते सरकार बघेल, तुम्ही आधी चौकटीचं माप घेऊन ठेवा."

धुडकूचं सासरही त्याच पाण्यात होतं.

"आता झोक्यांचं," मंगलाबाई म्हणाल्या. "आखाजीला तिथे झोके बांधतात की नाही, मला माहीत नाही. चिटणीसभाऊ म्हणतात, निंबाला बांधतात. पण चिटणीसभाऊ खोटं बोलतात तेव्हा कान खाजवतात. निंब म्हणताना दोनदा खाजवला. भाकरीला एकदा. सासूच्या वेळी कान लालच झाला होता."

मी कानावरचा हात खाली घेतला. हेही मला लिहून घ्यावं लागलं.

प्रश्न सुरू झाले. पहिला श्रीपतचा. "राज्य कोणाचं तिथे?"

"एका लष्करी साहेबाचं. वीस वर्षं झाली. दर खेपेला तोच निवडून येतो."

सगळ्यांनी भाऊरावांकडे बघितलं. वाचनालय स्थापन झालं तेव्हापासून अध्यक्ष तेच होते. "पुढचा प्रश्न," भाऊराव म्हणाले.

"रॉकेल निघतं का?" भाईदासने विचारलं.

"नही."

"सुटले बिचारे," म्हणून भाईदास खाली बसला.

तिसरा प्रश्न धुडकूचा. तो घडी केलेला कागद घेऊन उठला. "त्या देशात बायका हाताने एक वस्त्र करतात. जगप्रसिद्ध आहे. ज्ञानकोशात चित्र आहे. त्याचं नाव काय, आणि ते करतात कसं?"

ते चित्र मी पातळ कागदावर गिरवून नेलं होतं खरं. पण खालचं नाव लिहिताना शाई फुटली आणि नंतर मलाच माझं अक्षर लागलं नव्हतं.

"नाव माले येत नही," मंगलाबाई म्हणाल्या.

धुडकूने खिळ्यांच्या पुडीकडे बघितलं. खिडकीतल्या बायांनीही बघितलं. सरलाबाईने चौकट घट्ट धरली.

"नावना अर्थ येस. कोळीनं जाळं," असं म्हणत मंगलाबाईंनी पिशवीतून पिठाची चाळणी काढली. चाळणीची जाळी काढून टाकलेली, नुसतं कडं. त्यात कारखान्याच्या केरातल्या तुटक्या रंगीत धाग्यांचं गोल जाळं ताणलेलं: मधून निघालेले शंभरेक किरण, त्यांत विणलेली फुलं, आणि सगळं इतकं हलकं की पंखा नसतानाही हलत होतं. चित्रात धागा वरून गेलाय की खालून, ते चिटणीसभाऊंच्या हातामुळे कळेना, असं त्या म्हणाल्या. तीनदा उसवलं. शेवटी मोरीच्या कोपऱ्यात एक कोळी आहे त्याच्यापुढे पाट टाकून त्या बसल्या दोन दुपारी, आणि त्याचं बघून घेतलं.

धुडकूने चाळणी हातात घेतली. मुकादमाचा हात आपोआप कापडात दोष शोधायला लागतो. त्याने ती उजेडाकडे धरली, उलटी केली, बोटाने कड चाचपली.

"गाठ कोठे शे?" त्याने विचारलं. शुद्ध मराठी तो विसरला होता.

"गाठ नही."

त्याने पुन्हा शोधली. नव्हती. मग त्याने चाळणी दोन्ही हातांनी, दूध उतू जाणारं पातेलं उतरवावं तशी, टेबलावर ठेवली. "हाई लूमवर निंघाव नही," तो म्हणाला. चाळीस लूमांच्या मुकादमाच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र लिंबायतमध्ये कोणाला मिळालेलं नाही.

भाऊरावांनी विचारलं, "ठरावाच्या विरुद्ध कोण?" एकच हात वर गेला. तो लोटूचा होता आणि त्यात घंटी होती. "आते वाजाडू का?"

"वाजवा," भाऊराव म्हणाले.

घंटी वाजली आणि बाया आत आल्या: सरलाबाई, कलाबाई, मागून आणखी चार. बाकडी सरकली, सूप आत आलं, कोणीतरी पत्रा उचलून गळक्या कोपऱ्यावर टाकायचं ठरवलं. धुडकू उभाच होता. वही वाचून दाखवा असं कोणी म्हटलं नाही. बाहेर बसायचं त्याचं वाक्य त्यालाच आठवत होतं. "बस रे, राहू दे," श्रीपत म्हणाला. पण धुडकू तत्त्वाचा माणूस. घड्याळाला किल्ली देत तो बाहेर गेला. त्याची खिडकीजवळची जागा मोकळी झाली, तिथे मंगलाबाई बसल्या.

मग भाऊराव उठले. मानवजातीचा सूर्योदय आज रुळांच्या या बाजूने झाला, असं ते म्हणाले. पॅराग्वेच्या मायबहिणी आणि लिंबायतच्या मायबहिणी यांच्यामध्ये आता समुद्र उरला नाही, असंही म्हणाले. पॅराग्वेला तो नव्हताच, हे कोणी काढलं नाही. मालगाडी गेली, तीही त्यांच्या आवाजाखालून गेली. शेवटी त्यांनी हात पसरला. "मंगलाबाई, या ऐतिहासिक क्षणी आपले दोन शब्द. चिटणीस, लिहा."

मी नवीन पान काढलं, टाक बुडवला. सगळी सभा मंगलाबाईंकडे वळली. मंगलाबाई खिडकीकडे वळल्या. तिथे धुडकू दोन्ही कोपरं चौकटीवर टेकून, मान आत घालून, अगदी मन लावून ऐकत उभा होता.

"धुडकूभाऊ," मंगलाबाई म्हणाल्या, "खिडकीमाईन सरका. वारा अडी राहिना."